डाव्या बाजूचा आवाज

"चालूच ठेवा डॉक्टर, बंद करू नका," असं म्हणून आप्पांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

डॉ. परुळेकर गाडीचा कान, म्हणजे ॲक्सिलेटर, हळूहळू पिळत उभे होते. मोटारसायकल जुनी, साडेतीनशे सीसीची, वडिलांकडून आलेली. ते जनावरांचे डॉक्टर. गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात चार वर्षं होते आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर याच गाडीनं फिरायचे. बायको आणि लहान मुलगी सावंतवाडीला. दर दुसऱ्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की आजरा-आंबोली करत ते घाट उतरून घरी जायचे. त्या दिवशीही निघालेच होते. मागच्या कॅरिअरला पिशवी बांधलेली होती.

"कधी येतो आवाज?" आप्पांनी विचारलं.

डॉक्टर खाली वाकून क्लचची तार चाचपत होते. तसेच वाकून म्हणाले, "पळवली की येत नाही हो. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की खरखर सुरू होते. काल तर मधेच एकदा खट्‌ झालं."

आप्पांनी मान डोलावली. पण मला माहीत होतं, त्यातला एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. डॉक्टरांचं तोंड खाली होतं, आणि ओठ दिसले नाहीत की आप्पांना काही कळत नसे.

रुद्राप्पा मेस्त्रींचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान गेलेत, हे सगळ्या गडहिंग्लजमध्ये फक्त मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं ऐकली होती. कोल्हापूर-निपाणीपासून लोक गाडी घेऊन यायचे, ते आप्पांच्या कानासाठी. गाडी न खोलता मेस्त्री दुखणं सांगतो, असा लौकिक होता. दोन वर्षांपूर्वी कान हळूहळू जायला लागले. त्याच सुमाराला मी नवऱ्याचं घर कायमचं सोडून माहेरी आले होते आणि दिवसभर गॅरेजमध्ये स्टुलावर बसून सामानाचे पुडे लावायची. लहानपणापासून त्याच आवाजात वाढलेली. मला ऐकू यायचं.

कसं सुरू झालं ते आता नीट आठवत नाही. एकदा आप्पा चाचपडत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सहज कपाळाला हात लावला. आवाज वरचा होता, हेडचा. त्यांनी हेड खोललं आणि बरोबर निघालं. मग ते ठरूनच गेलं. कपाळाला हात म्हणजे वरचं काम, टॅपेट नाहीतर पिस्टन. पदराला हात म्हणजे गिअर. बांगडीला हात म्हणजे डावीकडची साखळी. मागच्या चाकाची साखळी सगळ्यांना दिसते. ही दुसरी. इंजिनाचा जोर क्लचपर्यंत नेणारी, डाव्या झाकणाआड तेलात फिरणारी. आप्पा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचे, डोळे मिटायचे, मग डोळे उघडून एकदा माझ्याकडे बघायचे. गिऱ्हाईकाला वाटायचं, मेस्त्री विचार करतोय. आम्ही दोघं या विषयावर एकमेकांशी एक शब्दही कधी बोललो नव्हतो.

त्या सकाळी आप्पांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसले होते.

मला आवाज ऐकू येत नव्हता असं नाही. इतका स्वच्छ आवाज क्वचितच ऐकला असेल. डाव्या झाकणाच्या आत साखळी ढिली पडून पत्र्याला घासत होती. पण नुसती ढिली साखळी एकसारखी खरखरते. ही तशी नव्हती. मधेच गप्प व्हायची, मग खर्र, आणि एक बारीक खट्‌. पुन्हा गप्प. म्हणजे साखळी सगळीकडे सारखी झिजलेली नव्हती. एका ठिकाणी ताणून लांबली होती, आणि त्या ठिकाणी काहीतरी सुटत चाललं होतं. अशा वेळी वरचं छोटं बूच काढायचं, बोटानं साखळी दाबून बघायची, इंजिन थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायची. चार ठिकाणी चार तऱ्हेची लागली तर ती साखळी घट्ट करण्यात अर्थ नाही, बदलायचीच. हे मला आप्पांनीच शिकवलं होतं.

पण आदल्या संध्याकाळी आत्या आली होती. निपाणीच्या एका बिजवराचं स्थळ घेऊन. मी नको म्हणाले. आत्या रडली, मी उठून चुलीकडे गेले, आणि आप्पा माझ्या पाठीमागून म्हणाले, "मग काय जल्मभर हितंच बसून ऱ्हाणार? तुझा उपयोग तरी काय हाय मला?"

ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. ते वाक्य समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या बायकांनीही ऐकलं.

म्हणून मी हात पदराखाली घेऊन बसले होते. उपयोग काय म्हणतात ना? मग विचारू देत. एकदा, फक्त एकदाच तोंडानं विचारू देत, नंदा, कुठला गं आवाज? माझी दुसरी काही मागणी नव्हती. लगेच सांगितलं असतं मी.

आप्पा नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग डॉक्टरांकडे वळले.

"टॅपेट," ते म्हणाले. "ढिलं पडलंय. अर्ध्या तासाचं काम."

त्यांनी उजवीकडचं झाकण काढलं, टॅपेट जुळवलं. हात अजून सोन्यासारखे होते. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा वरची टिकटिक खरंच कमी झाली होती. ती मुळात थोडी होतीच. डावीकडची खरखर आता उलट जास्त उघडी पडली.

"थोडा आहे हो अजून," डॉक्टर म्हणाले.

"नवं शेटिंग हाय. बसंल दोन-चार दिसांत."

डॉक्टरांनी क्षणभर कान दिला. आणि मग, कोण जाणे का, ते माझ्याकडे वळले. "काय नंदाताई, तुम्हाला येतो का आवाज?"

आप्पा कापसाच्या बोळ्यानं हात पुसत माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आप्पांनी बघितलंय न्हवं?" मी म्हणाले. "मग झालं तर."

डॉक्टर हसले. "तेही खरंच." हेल्मेट वापरायचा तो काळ नव्हता. डोक्याला मफलर गुंडाळून ते निघाले. कोपऱ्यावर गाडी वळताना त्यांनी वेग कमी केला, तेव्हा ती खरखर मला पुन्हा ऐकू आली. बारा वाजले होते.

गाडी गेल्यावर मी झाडू घेतला. आप्पा माझ्याकडे पाठ करून एका स्कूटरचं चाक काढत बसले. परुळेकरांची गाडी उभी होती तिथं, डाव्या बाजूच्या खाली, तेलाचे सात-आठ थेंब पडले होते. त्यावर मी माती टाकणार, तेवढ्यात काहीतरी चमकलं. मी बोट बुडवलं आणि अंगठ्यावर घासून उजेडात धरलं. तेलात लोखंडाचा कीस होता. अभ्रकासारखा बारीक, लखलखता.

ढिली साखळी आवाज करते. कीस पडायला लागला म्हणजे ती तुटायच्या वाटेवर असते. ही साखळी चालत्या गाडीत तुटली तर नुसती तुटून थांबत नाही. क्लचभोवती गोळा होते, चाक जागच्या जागी अडकतं, आणि क्लच दाबूनही सुटत नाही. आणि पुढं आंबोलीचा घाट होता.

तरी मी लगेच निघाले नाही. खोटं कशाला सांगू? तेलाचं बोट तसंच धरून मी स्टुलावर बसले. वाटलं, पोचतील. इतके दिवस चाललीय, आजचा दिवस चालेल. सोमवारी परत आले की मी स्वतः बोलेन. मग वाटलं, आप्पांना सांगावं. मग त्यांची पाठ दिसली, आणि ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. नगरपालिकेचा भोंगा साडेबाराला व्हायचा. तो झाला तेव्हा मी उठले.

आप्पांची गाडी भिंतीला लावलेली असायची. मागच्या गल्लीत मी ती कितीदा फिरवून बघितली होती, पण गावाबाहेर कधी नेली नव्हती. पदर कमरेला घट्ट खोचला, किक मारली. आप्पांनी मागं वळूनही बघितलं नाही. त्यांना कळलंच नाही.

आजऱ्यापर्यंत मला रस्ता आठवत नाही. साडीतली बाई मोटारसायकलवर बघून लोक थांबत होते, एवढं आठवतं. आजऱ्याच्या स्टँडसमोर एका रिक्षावाल्याला विचारलं, "जनावरांचे डॉक्टर गेले काय हो इकडनं? काळी गाडी?"

"हे काय, मघाशीच गेले की."

मघाशीच! मला हायसं वाटलं. कान होता तेवढा पिळला. गवशाच्या अलीकडे समोरून एक जीप सारखा हॉर्न वाजवत आली आणि धुरळा उडवत निघून गेली. मी बाजूला झाले आणि पुन्हा पुढं निघाले. त्या जीपमध्ये ते होते, हे मला पाच मिनिटांनी कळलं.

घाट अजून लागलाही नव्हता. एका साध्या उतारावर, रस्त्याखालच्या मोरीजवळ पाच-सहा माणसं उभी होती. रस्त्यावर एक काळा पट्टा ओढल्यासारखा लांबवर गेला होता, आणि त्याच्या टोकाला गाडी आडवी पडली होती. डावीकडचं झाकण फुटून तेल सांडलं होतं.

"चाक लॉक झालं हो एकदम," एक धनगर सांगत होता. "मी बघितलं की. बिरेक न्हाई, काय न्हाई. उडून मोरीच्या दगडावर गेले. गुडघ्याचं काय खरं न्हाई."

"जिवंत हायत?"

"व्हय व्हय. बोलत हुते. पोरीचं नाव घेत हुते."

मी गाडीशेजारी बसले. फुटलेल्या झाकणातून साखळीचा गुंता दिसत होता. तुटलेली कडी बाहेर लोंबत होती. ती हातात घेतली. तुटल्या जागी लोखंड अर्धं काळं होतं आणि अर्धं पांढरं, नवं. अर्ध्या भागात चीर आधीच गेली होती. कितीतरी दिवसांपूर्वी. राहिलेलं अर्धं आत्ता तुटलं होतं. बूच काढून, इंजिन फिरवत एकेक कडी बोटाखालून नेली असती तर ती जागा पाच मिनिटांत सापडली असती. मी ती कडी तिथंच ठेवली. पोलिसांना लागेल म्हणून.

गडहिंग्लजच्या इस्पितळात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आप्पा माझ्या आधीच तिथं होते. जीपवाल्यानंच गॅरेजसमोर गाडी थांबवून सांगितलं होतं. डॉक्टरांना कोल्हापूरला हलवायची तयारी चालली होती. व्हरांड्यात हवालदार कागद घेऊन बसले होते आणि आप्पा त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते.

"माझी चूक हाय सायेब. मला ऐकू येत न्हाई."

"काय ऐकू येत नाही?"

आप्पांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. "कायच न्हाई. दोन वर्सं झाली. इंजिनाला कान लावायचं नुसतं सोंग करतोय. गिऱ्हाइकं यायची बंद हुतील म्हणून. आज सकाळी डॉक्टरांस्नी मी टॅपेट सांगितलं. साखळी हुती."

तिथं बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्यांतली निम्मी माणसं आमची गिऱ्हाइकं होती. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मेस्त्री, गाडी चालवताना साखळी तुटली. यात मी तुमचं नाव कुठं लिहू?"

"लिवा कुठंबी."

मी पुढं झाले. "हवालदार, मला–"

आप्पांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की चार दिवस वळ होता. "घरला चल," ते म्हणाले.

आम्ही चालत निघालो. ते पुढं, मी मागं. बाजारपेठ सोडून आम्ही नदीच्या बाजूला लागलो तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, मला ऐकू आलं होतं."

ते चालत राहिले. मी मोठ्यानं म्हणाले. तरी चालत राहिले. मग मी धावत त्यांच्यासमोर गेले, वाट अडवली आणि ओरडले, "मला ऐकू आलं होतं! साखळी होती हे मला कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही!"

धुणं घेऊन चाललेल्या दोन बायका थबकल्या.

"वरडू नको," आप्पा म्हणाले. "मला सकाळीच कळालं हुतं."

"काय कळलं होतं?"

"तू पदराखाली हात घेतलास तवाच. तोंडावर दिसत हुतं तुझ्या. सारखी गाडीच्या डावीकडं बघत हुतीस. डॉक्टरांनी इचारल्यावरसुदिक डावीकडंच बघितलंस. टॅपेटचं काम करताना माझी पाठ जळत हुती."

"मग टॅपेट का म्हणालासा?"

आप्पा नदीकडे बघत होते, म्हणून मला वाटलं त्यांना प्रश्न दिसलाच नाही. पण मग ते म्हणाले, "रात्री तुला तसं बोललो. सकाळी कुठल्या तोंडानं इचारायचं? आनि तेबी गिऱ्हाइकासमोर?"

आम्ही तिथंच उभे राहिलो. मी सकाळभर वाट बघत होते की त्यांनी विचारावं. तेही वाट बघत होते, मी न विचारता सांगेन म्हणून. दोघांनाही साखळी कळली होती. ज्यांची गाडी होती त्या एकट्यांनाच कळली नव्हती.

गॅरेज दोन महिने बंद राहिलं. उघडलं तेव्हा येईल त्याला आप्पा आधीच सांगायचे, "मला ऐकू येत न्हाई. ऐकती ही. पटत आसंल तर गाडी लावा." बरेच जण गाडी न लावताच गेले. डॉक्टरांचा पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ राहिला. फिरतीची नोकरी सुटली, घरच्या गावी टेबलावरचं काम मिळालं, असं कानावर आलं. त्यांनी आमच्याविरुद्ध कुठं काही तक्रार केली नाही. रस्त्यात भेटेल त्या प्रत्येकाला ते साखळी तुटली एवढंच सांगत. म्हणूनच आम्हाला जावं लागलं.

सावंतवाडीच्या घरी ते ओसरीवर आरामखुर्चीत होते, पाय समोर स्टुलावर सरळ ठेवलेला. आम्हाला बघून त्यांना बरं वाटलं, तेच मला सहन झालं नाही. "या मेस्त्री, या नंदाताई," म्हणाले. आत बघून बायकोला चहा टाकायला सांगितला.

आप्पांनी आपला भाग सांगितला. डॉक्टर ऐकत होते. "मेस्त्री, कान काय, कुणाचेही जातात," ते म्हणाले. "त्याचं तुम्ही इतकं नका..."

"माझे गेले नव्हते," मी म्हणाले.

मग मी सांगितलं. आवाज, पदराखालचे हात, त्यांनी विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. आदल्या रात्रीचं भांडण मी सांगणार नव्हते, ती सबब झाली असती. पण त्यांनीच विचारलं, "का?" तेव्हा तेही सांगितलं. त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथंच उभी राहिली. तिनं किती ऐकलं कोण जाणे, पण ट्रे तसाच घेऊन ती आत गेली.

डॉक्टर स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होते. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "मागनं तुम्ही आलात म्हणे गाडी घेऊन. मी गेल्यावर किती वेळानं निघालात?"

"अर्ध्या तासानं."

ते मनाशी काहीतरी जुळवत होते. "आजऱ्यात मी पंधरा मिनिटं थांबलो होतो," ते म्हणाले. "लेकीला काजू आवडतात म्हणून." मग अगदी हळू, "आणखी पंधरा मिनिटं आधी निघाला असतात तर मी तिथं दुकानात भेटलो असतो तुम्हाला."

मी मान हलवली.

"बरं केलंत सांगितलंत ते. मेस्त्रींवर माझा राग नव्हता, आजही नाही. पण नंदाताई, तुम्ही पुन्हा येऊ नका. आणि निघा आता, चारची एसटी चुकेल तुमची."

आम्ही निघालो. आतून मुलीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. स्टँडवर येऊन आम्ही बाकावर बसलो. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शेवटाला काय म्हणाले ते? मान खाली हुती त्यांची. मला दिसलं न्हाई."

माफ केलं म्हणाले, असं मला सांगता आलं असतं. आप्पांना ते कधीच कळलं नसतं. मी त्यांच्याकडे तोंड केलं, त्यांना ओठ नीट दिसतील असं, आणि सगळं सांगितलं. अर्धा तास. आजऱ्याचं दुकान. काजू. पंधरा मिनिटं. पुन्हा येऊ नका, हेही.

आप्पा शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"पुन्ना एकदा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.